ॲम्प्लिफायरची घरघर

२०१८ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. स्नेहसंमेलनाला आठ दिवस उरले होते. नववीच्या पाच-सहा मुलामुलींनी महिनाभर खपून तयार केलेला ॲम्प्लिफायर आम्ही प्रयोगशाळेच्या टेबलावर पहिल्यांदा चालू केला आणि गाणे लावण्याआधीच स्पीकरमधून घरघर सुरू झाली. आवाजाचे बटण पूर्ण खाली आणले तरी ती तशीच. गाणे लावले तर ते ऐकू येई, पण दोन ओळींच्या मधल्या जागेत घरघर पुन्हा हजर. "सर, पिठाच्या गिरणीत बसून रेडिओ ऐकल्यासारखं वाटतंय," असे एकाने म्हटलेही. संमेलनाला भाड्याचा संच आणायचा की मुलांचा लावायचा, हे आता या घरघरीवर ठरणार होते.

ज्यांनी घरी किंवा शाळेत कधी ॲम्प्लिफायर जोडला आहे, त्यांना हा आवाज ओळखीचा असेल. त्यावरचा प्रचलित उपाय म्हणजे वीजपुरवठ्यातला मोठा कपॅसिटर (धारित्र) आणखी मोठा करणे. दुकानदारही तेच सुचवतो. आम्हीही तेच केले. १००० मायक्रोफॅरडच्या जागी २२०० चा आणि मग ४७०० चा कपॅसिटर लावला. घरघर कमी झाली नाहीच, उलट तिला जरा धार आली. असे का व्हावे, हे कळायला आम्हाला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मुलांची आणि आमचीही विजेविषयीची एक पक्की समजूत मोडीत निघाली. तिच्याविषयी लिहायचे आहे.

टाकी आणि नळ

मुलांची जोडणी साधी होती. १२-०-१२ व्होल्टचा, एक अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर (रोहित्र), दोन डायोड, एक मोठा कपॅसिटर, टीडीए २०३० ही पाच पायांची आयसी आणि चार ओहमचा स्पीकर. ही आयसी जुनी असली तरी तिच्यावरची लहान तयार बोर्डे आजही बाजारात मिळतात, आणि शिकण्यासाठी ती चांगली आहे.

घरातल्या प्रत्यावर्ती विजेची सेकंदाला ५० आवर्तने होतात. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे १२ करतो, पण हे १२ व्होल्ट म्हणजे परिणामी मूल्य. लाटेचे शिखर त्याच्या १.४१४ पट, म्हणजे १७ व्होल्टपर्यंत जाते. दोन डायोड लाटेचे दोन्ही अर्धे भाग एकाच दिशेला वळवतात. त्यामुळे सेकंदाला १०० उंचवटे मिळतात, दर १० मिलिसेकंदांना एक. उंचवट्याच्या माथ्यावर कपॅसिटर सुमारे १६ व्होल्टपर्यंत भरतो आणि पुढचा माथा येईपर्यंत ॲम्प्लिफायर त्या साठ्यावर चालतो.

ज्या गावात नळाला दिवसातून तासभरच पाणी येते, तिथल्या विद्यार्थ्यांना हे वेगळे समजवावे लागत नाही. तासाभरात टाकी भरायची आणि दिवसभर वापरायची. टाकीतली पातळी दिवसभर हळूहळू उतरते आणि नळ आला की झपाट्याने चढते. कपॅसिटरवरचे व्होल्टेजही असेच उतरते-चढते. या चढउताराला आपण लहर म्हणू. ती किती मोठी असेल, हे दहावीच्या मुलालाही काढता येते:

व्होल्टेजमधील उतार = प्रवाह × काळ ÷ धारिता

गाणे बंद असताना आमची आयसी सुमारे ५० मिलिअँपिअर प्रवाह घेते. १० मिलिसेकंदांत ०.०५ × ०.०१ = ०.०००५ कूलॉम प्रभार खर्च होतो. कपॅसिटर १००० मायक्रोफॅरडचा असेल तर उतार अर्धा व्होल्ट, २२०० चा असेल तर ०.२३ व्होल्ट, ४७०० चा असेल तर ०.११ व्होल्ट. (प्रत्यक्षात तो याहून थोडा कमी भरतो, कारण दहापैकी एखादा मिलिसेकंद कपॅसिटर भरण्यात जातो.) गाणे जोरात लावले की प्रवाह अर्ध्या अँपिअरपर्यंत जातो आणि हे सगळे आकडे दहा पट होतात.

ही लहर मल्टिमीटरवर मोजता येते. मल्टिमीटर प्रत्यावर्ती व्होल्टच्या पट्टीवर ठेवावा आणि त्याच्या एका तारेत एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडावा, म्हणजे स्थिर १६ व्होल्ट अडतात आणि फक्त लहर आत जाते. लहर साधारण त्रिकोणी असल्याने मल्टिमीटरवर तिच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा कमी आकडा दिसतो. १००० च्या कपॅसिटरवर साधारण १४० मिलिव्होल्ट दिसत होते, ४७०० च्या कपॅसिटरवर ३० च्या आसपास. म्हणजे दुकानदाराचे म्हणणे खोटे नव्हते. लहर खरोखरच कमी झाली होती. मल्टिमीटरला ते मान्य होते, पण कानाला नव्हते.

तेव्हा आम्हाला पहिली शंका आली, की आपण जे ऐकतो आहोत ती ही लहर नसावीच. आयसीच्या माहितीपत्रकात पाहिले. पुरवठ्यातली १०० हर्ट्झची लहर ही आयसी स्वतःच सुमारे ५० डेसिबलने, म्हणजे तीनशे पटींनी दाबते. अर्ध्या व्होल्टचे स्पीकरपर्यंत दीड-दोन मिलिव्होल्ट उरतात. एवढ्याशा व्होल्टेजने स्पीकर कानाला लावल्याशिवाय ऐकू येण्याजोगा आवाज करणार नाही, आणि आमची घरघर तर वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत पोहोचत होती.

आधी ऐकावे

उपाय बाजूला ठेवून आम्ही आवाज नीट ऐकायला बसलो. हे खरे तर पहिल्याच दिवशी करायला हवे होते.

घरघरीचे दोन मुख्य प्रकार असतात. एक मऊ, गोल, 'उं' असा. दुसरा खरबरीत, 'झर्र' असा, माशी काचेवर आपटत असल्यासारखा. पहिला बहुधा ५० हर्ट्झचा असतो. विजेच्या तारांचे विद्युतक्षेत्र किंवा ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र ॲम्प्लिफायरच्या प्रवेशाकडच्या तारांत शिरले की तो येतो. दुसरा १०० हर्ट्झचा आणि त्याच्या पटींचा, म्हणजे २००, ३००, ४०० आणि पुढे, मिळून बनलेला असतो. तो डायोडांच्या पलीकडे जन्मतो, कारण ५० चे १०० तिथेच होतात.

आमचा आवाज दुसऱ्या प्रकारचा. संगीताच्या बाई डोकावल्या, त्यांनी पेटी ओढली आणि क्षणात स्वर जुळवून दिला: खर्जातली पांढरी पाच. मधल्या सप्तकातली पांढरी पाच ३९२ हर्ट्झच्या आसपास असते. तिच्या दोन सप्तके खाली गेले की ९८. ज्यांच्याकडे पेटी नाही आणि तसा कानही नाही, त्यांनी मोबाइलवरचे फायफॉक्स हे मोफत ॲप वापरावे. जर्मनीतल्या आखेन येथील तांत्रिक विद्यापीठाने ते तयार केले आहे. त्यात ध्वनीचा वर्णपट पाहण्याची सोय आहे. मोबाइल स्पीकरसमोर धरला की १००, २००, ३०० वर उभे सुळके दिसतात. आमच्या वर्णपटातले वरचे सुळके, अगदी हजार हर्ट्झपर्यंतचे, फारसे बुटके नव्हते. हा महत्त्वाचा धागा होता. संथ उतरणाऱ्या लहरीत वरचे स्वर झपाट्याने क्षीण होत जातात. ते जोरात असतील, तर मूळ कारण एखादा अरुंद, उंच ठोका असला पाहिजे.

मग दोन साध्या चाचण्या केल्या. ॲम्प्लिफायरचे प्रवेशाचे टोक तारेच्या तुकड्याने अर्थला जोडले. घरघर तशीच राहिली, म्हणजे ती बाहेरच्या तारेतून येत नव्हती. मग ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि मोठा कपॅसिटर सोडवून त्या जागी टॉर्चचे आठ सेल एकापुढे एक जोडले. घरघर नाहीशी! इतकी शांतता झाली की स्पीकर चालू आहे की नाही हे पाहायला एका मुलाने प्रवेशाच्या तारेला बोट लावले आणि मोठ्याने 'उंऽऽ' झाले. (बोटामार्फत शरीरावरचे ५० हर्ट्झ आत गेले. पहिल्या प्रकारची घरघर कशी असते, हे दाखवायला याहून सोपा प्रयोग नाही. तो सेलवर चालणाऱ्या संचावरच करावा.)

म्हणजे दोष पुरवठ्यात होता, पण लहरीत नव्हता. मग उरले काय?

शून्य व्होल्टची तार

टाकीकडे परत जाऊ. चोवीस तासांचे पाणी एका तासात यायचे, तर त्या तासात नळाची धार मोठी हवी. कपॅसिटरचे तेच आहे. १० मिलिसेकंदांत खर्च झालेला सगळा प्रभार माथ्याजवळच्या साधारण एका मिलिसेकंदात भरून काढायचा असतो. ॲम्प्लिफायर संथपणे ५० मिलिअँपिअर घेत असला, तरी ट्रान्सफॉर्मरपासून कपॅसिटरपर्यंतच्या तारेत त्या एका मिलिसेकंदापुरता सरासरी अर्धा अँपिअर वाहतो आणि त्याचे शिखर पाऊण-एक अँपिअरला पोहोचते. बाकीचे नऊ मिलिसेकंद शून्य. अर्ध्या अँपिअरचे गाणे चालू असेल, तर हे ठोके काही अँपिअरचे होतात. सेकंदाला असे शंभर ठोके. अरुंद आणि उंच, वर्णपटात दिसले तसेच.

आणि इथेच मोठ्या कपॅसिटरचे कोडे सुटते. टाकी मोठी झाली की पातळी कमी उतरते, म्हणून लाट माथ्याच्या अगदी जवळ आल्याशिवाय डायोड उघडतच नाही. भरण्याचा काळ आखडतो. प्रभार तेवढाच, वेळ कमी, म्हणजे ठोका अधिक अरुंद आणि अधिक उंच. आम्ही लहर कमी केली आणि ठोका वाढवला. घरघरीला धार आली ती यामुळे.

पण हा ठोका ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर यांच्यात वाहतो. तो आवाजाच्या मार्गात कसा आला? आम्ही जोडणीचे खोके उलटे केले. ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टोकापासून कपॅसिटरच्या ऋण टोकापर्यंत दहा सेंटिमीटरची काळी तार होती, नेहमीची सात-छत्तीसची. आयसीचे अर्थ कपॅसिटरच्या टोकाला जोडलेले होते. आवाजाच्या बटणाचे अर्थ मात्र ट्रान्सफॉर्मरच्या टोकाला, कारण तिथल्या पट्टीवर डाग द्यायला जागा मोकळी होती. आकृतीत ही दोन्ही टोके एकाच अर्थच्या खुणेने दाखवली होती, त्यामुळे मुलांनी आकृतीबरहुकूम काम केले, असेच म्हणावे लागेल.

सात-छत्तीसच्या तारेत सुमारे ०.२ चौरस मिलिमीटर तांबे असते. दहा सेंटिमीटरचा रोध येतो सुमारे ८ मिलिओहम. वर्गात आपण अशा रोधाला शून्य म्हणतो. त्यातून ०.८ अँपिअरचा ठोका गेला की तारेच्या दोन टोकांत ६ मिलिव्होल्टहून थोडा जास्त फरक पडतो. आता ॲम्प्लिफायरच्या नजरेने पाहू. आयसी आपल्या अर्थच्या तुलनेत प्रवेशाचे व्होल्टेज मोजते, आणि प्रवेशाचे अर्थ या तारेच्या दुसऱ्या टोकाला आहे. म्हणजे हे ६ मिलिव्होल्ट थेट संदेशात मिळाले. आयसी त्यांना इमानाने ३३ पट करते, कारण आम्ही तिला तेवढ्या पटींसाठीच जोडले होते. स्पीकरवर २०० मिलिव्होल्ट! लहरीमुळे येत होते दीड-दोन मिलिव्होल्ट, आणि निरुपद्रवी वाटणाऱ्या काळ्या तारेमुळे त्याच्या शंभर पट. बटण खाली आणून घरघर का जात नव्हती, हेही कळले. बटण खाली आणले की आयसीचा प्रवेश बटणाच्या अर्थला जोडला जातो, आणि तेच तर हलत होते.

"पण सर, अर्थ म्हणजे शून्य व्होल्ट ना? मग तारेच्या या टोकाला वेगळं आणि त्या टोकाला वेगळं कसं?" हा प्रश्न एका मुलीने विचारला. आम्हाला तो आठवड्यातला सर्वांत चांगला प्रश्न वाटला. आकृतीतली अर्थची खूण ही सोय आहे. 'हे सगळे बिंदू एकच आहेत असे माना' एवढेच ती सांगते. प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये तांबे असते, तांब्याला रोध असतो आणि ओहमचा नियम काळ्या तारेलाही लागू असतो. चाळीत खालच्या मजल्यावरचा नळ सुटला की वरच्या मजल्यावरची धार बारीक होते, ती दोघांचा पाइप सामाईक असतो म्हणून. दोघांना टाकीपासून वेगळे पाइप दिले की भांडण मिटते.

इथेही तेच करायचे. ट्रान्सफॉर्मरची मधली तार जाड आणि आखूड घेऊन थेट कपॅसिटरच्या ऋण टोकाला न्यायची, आणि त्या तारेवर दुसरे काहीही जोडायचे नाही. कपॅसिटरच्या टोकापासून पुढे स्पीकरची परतीची तार वेगळी, आयसीच्या अर्थची वेगळी आणि आवाजाच्या बटणाची वेगळी. तिन्ही एका बिंदूला भेटतील, पण एकमेकींच्या अंगावरून जाणार नाहीत. त्या मुलीनेच डाग सोडवून बटणाची तार ट्रान्सफॉर्मरच्या टोकावरून काढली आणि कपॅसिटरच्या टोकाला लावली. काम दोन मिनिटांचे. संच चालू केला तेव्हा खोलीत पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. मग आम्ही ४७०० चा कपॅसिटर काढून २२०० चा परत बसवला. काही बिघडले नाही.

मोठ्या कपॅसिटरच्या बाजूने एक शब्द बोलायला हवा. भंगारातल्या टीव्हीतून काढलेला जुना कपॅसिटर असेल तर त्याच्यातला द्रव उष्णतेने वाळलेला असतो आणि वर २२०० छापलेले असूनही त्याची धारिता कितीतरी कमी भरते. तिथे नवा कपॅसिटर हाच उपाय. तो २५ व्होल्टचा घ्यावा आणि धन-ऋण टोके दोनदा तपासूनच जोडावा. उलटा लावलेला कपॅसिटर फुटतो.

उरलेले आवाज

एकच पुरवठा वापरणाऱ्या जोडणीत लहरीला आत शिरायला आणखी एक दार असते. आयसीचा प्रवेश पुरवठ्याच्या निम्म्या व्होल्टेजवर ठेवावा लागतो. त्यासाठी १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर पुरवठ्यावर एकापुढे एक जोडून मधल्या बिंदूपासून व्होल्टेज घेतात. निम्म्या व्होल्टेजबरोबर निम्मी लहरही येते, आणि तिला आयसीची तीनशे पटींची ढाल उपयोगी पडत नाही, कारण ती पुढच्या दाराने, संदेश म्हणून आलेली असते. मधल्या बिंदूपासून अर्थला ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की १०० हर्ट्झला त्याचा अवरोध अवघा ३४ ओहम, समोर एक लाख ओहम. लहर सुमारे तीन हजार पटींनी घटते. आमच्या मुलांनी हा कपॅसिटर लावला होता, पण इतरांच्या जोडण्यांत तो विसरलेला आम्ही अनेकदा पाहिला आहे. उत्साहाच्या भरात तिथे १००० मायक्रोफॅरडचाही लावू नये. त्याला भरायला इतका वेळ लागतो की ॲम्प्लिफायर चालू केल्यावर जवळजवळ मिनिटभर गप्प बसतो आणि माणूस आयसी जळाली असे समजून ती बदलायला घेतो.

माइक जोडल्यावर मऊ 'उं' ऐकू आला. माइकचा संदेश काही मिलिव्होल्टचाच असतो, म्हणून त्याच्यासाठी आधी एक छोटा वर्धक लागतो, आणि मुलांनी तो ट्रान्सफॉर्मरला चिकटून बसवला होता. ट्रान्सफॉर्मरभोवतीचे चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. अंतर दुप्पट केले तर क्षेत्र आठपट क्षीण. वर्धक खोक्याच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि जाणारी-येणारी तार एकमेकींना पीळ घालून बांधली, म्हणजे दोन तारांमधली मोकळी जागा, जिच्यातून चुंबकीय रेषा जातात, ती उरली नाही. ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू आवळण्याआधी तो हातमोजा घालून जागच्या जागी फिरवून पाहावा (२३० व्होल्टची टोके आधी नीट झाकलेली हवीत). एका विशिष्ट कोनात घरघर सर्वांत कमी होते, तिथेच आवळावा. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओत स्पीकरचे चुंबक विजेवर चालणारे असे आणि त्याचीच गुंडाळी पुरवठ्यातली लहर गाळण्याच्याही कामी येई. तिथली घरघर मारायला स्पीकरमध्ये एक वेगळी उलटी गुंडाळी घालत. एवढे कौशल्य आता लागत नाही.

माइकच्या वर्धकाला व्होल्टेज देण्यासाठी एका मुलाने ७८१२ हा नियामक बसवला होता. तो दुपारी उत्तम चाले आणि संध्याकाळी गाणे मोठे केले की पुन्हा 'झर्र' येई. कारण गावातल्या संध्याकाळच्या विजेत होते. २३० च्या जागी २०० व्होल्ट आले की १७ चे शिखर १५ च्या खाली जाते. डायोड आणि जोरदार गाण्याची दोन व्होल्टची लहर वजा केली, तर दर उताराला नियामकाच्या तोंडाशी जेमतेम १२ व्होल्ट उरतात. १२ व्होल्ट स्थिर देण्यासाठी त्याला साधारण १४ लागतात. मग तो सेकंदाला शंभर वेळा हात टेकतो. आम्ही तो काढून एक किलोओहमचा रेझिस्टर आणि ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. माइकचा वर्धक दोन मिलिअँपिअरच घेतो, म्हणजे रेझिस्टरवर दोन व्होल्ट जातात, आणि लहर तीनशे पटींनी कमी होते. व्होल्टेज थोडे हलले तरी अशा वर्धकाला फरक पडत नाही. त्याला शांतता हवी असते, ठरीव आकडा नको असतो.

आजकाल बरेच जण ट्रान्सफॉर्मरऐवजी १२ व्होल्टचा तयार ॲडॉप्टर घेतात. शाळेसाठी तो अधिक सुरक्षित, कारण २३० व्होल्टची जोडणी मुलांच्या हाती येत नाही. त्यातली लहर दहा हजारांत मोजाव्या लागणाऱ्या वारंवारतेची असते आणि कानाला ऐकू येत नाही. पण भार हलका असला की यातले पुष्कळ ॲडॉप्टर थांबून थांबून काम करतात. त्या थांबण्याची वारंवारता कानाच्या आवाक्यात येते आणि चिरचिर ऐकू येते. ॲडॉप्टरनंतर शंभरेक मायक्रोहेन्रीची गुंडाळी आणि तिच्यापुढे ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की ती बहुधा जाते.

तिसरी पिन

संमेलनाच्या आदल्या दिवशी संच सभागृहात नेला. गाणी लॅपटॉपवर होती. लॅपटॉपचा चार्जर रंगमंचाच्या डाव्या बाजूच्या सॉकेटमध्ये, ॲम्प्लिफायर उजव्या बाजूच्या. केबल जोडली आणि गप्प झालेली घरघर पुन्हा सुरू झाली.

मदतीला आलेल्या एका गृहस्थांनी पकड मागितली, ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थची जाड पिन तोडून टाकली आणि प्लग परत खोचला. घरघर बंद! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खरे सांगायचे तर आम्हीही वाजवल्या. शाळेचे वायरमनकाका शिडीवर दिवे लावत होते. ते खाली उतरले, काही न बोलता त्यांनी मेन स्विच बंद केला आणि मगच तोंड उघडले. ते जे बोलले ते इथे छापता येणार नाही.

घरघर का थांबली, ते आतापर्यंत वाचकांच्या लक्षात आले असेल. दोन्ही सॉकेटची अर्थ भिंतीतून लांबच्या वाटेने एकमेकींना जोडलेली असते आणि आमच्या केबलच्या जाळीने त्यांना जवळच्या वाटेने जोडले. मोठे वेटोळे तयार झाले. दोन सॉकेटच्या अर्थमध्ये थोडा फरक नेहमीच असतो, त्यामुळे जाळीतून प्रवाह वाहू लागला. जाळीच्या रोधावर पडलेले व्होल्टेज संदेशात मिळाले. दहा सेंटिमीटरच्या काळ्या तारेचीच ही गोष्ट, फक्त सभागृहाएवढी मोठी. पिन तोडली, वेटोळे तुटले, आवाज गेला.

पण ती पिन घरघरीसाठी नसते. ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या गुंडाळीचे आवरण कधी फाटले आणि तार पत्र्याच्या खोक्याला लागली, तर प्रवाह अर्थमधून जोरात वाहून फ्यूज उडतो. अर्थ नसेल तर फ्यूज उडत नाही. खोके २३० व्होल्टवर तसेच राहते, आणि केबलच्या जाळीमार्फत माइकची धातूची जाळीही. लॅपटॉप जोडलेला असेपर्यंत त्या बारीक केबलमधून थोडीफार वाट असते. ती काढली की तीही नाही. काही दहा मिलिअँपिअर छातीतून गेले तरी जीव जाऊ शकतो. दुसऱ्या दिवशी त्या ओल्या पुसलेल्या रंगमंचावर दुसरीची मुले अनवाणी नाचणार होती आणि सूत्रसंचालन करणारी मुलगी तोच माइक हातात धरणार होती.

काकांनी नवा प्लग बसवला. लॅपटॉप आणि ॲम्प्लिफायर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणले, वेटोळे हातभर लांबीचे झाले आणि घरघर जवळजवळ ऐकू येईनाशी झाली. चार्जर काढून लॅपटॉप त्याच्या बॅटरीवर चालवला, तेव्हा उरलीसुरलीही गेली. मोबाइलवरून गाणी लावतानाही हीच युक्ती चालते. चार्जर काढून ठेवावा. जिथे दोन्ही उपकरणे लांबच ठेवणे भाग असते, तिथे संदेशाच्या तारेत एकास एक गुंडाळीचा छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घालतात. त्यातून आवाज पार होतो, पण दोन्ही बाजूंचे तांबे एकमेकांना जोडले जात नाही.

संमेलन मुलांच्याच संचावर झाले. तुटक्या पिनेचा तो प्लग प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. नवी तुकडी ॲम्प्लिफायर जोडायला बसते तेव्हा डाग देण्याची कावी तापेपर्यंत तो हातोहात फिरतो.